शेंदराखालची हन्ना

सांगली, ऑक्टोबर १९४७

चि. रघुवीर यास,

"अक्का, मिशनच्या साहेबांचे सामान लिलावात निघेल, माझी हन्ना तेवढी वाचव," असे तू लिहिलेस, म्हणून मी गेले. हन्ना म्हणजे बायबलातली, मूल व्हावे म्हणून देवापाशी रडणारी ती बाई. पण ब्राँझच्या मूर्तीत तू आपल्या आईचाच चेहरा उतरवलास, फाटक्या कानपाळीसकट. आईचा एक फोटोसुद्धा नाही आपल्याकडे.

घरखर्चातून वाचवलेले पैसे लिलावात पुरले नाहीत. आकाराम ओताऱ्याने बैलांची घुंगरं करायला मूर्ती घेतली. मी त्याला गाठले. "वितळवू नका."

"का वो बाई? देवी हाय काय?"

देवाच्या नावाने मी कधी खोटे बोलले नव्हते. "होय," म्हटले.

त्याने कानाला हात लावला. "मग न्हाई मोडत."

त्याने ती पिंपळाखाली बसवली. आता बायका रोज शेंदूर लावतात. आईचे डोळे बुजले, ओठ बुजले, कानही बुजला. खरवडू देणार नाहीत, आणि खरे सांगितले तर आकाराम ती भट्टीत घालील.

दिवाळीत तू मूर्ती बघायला येणार म्हणतोस. हे पत्र पेटीत टाकवत नाही. मीही शेंदूर घेऊनच जाते. रिकाम्या हाताने गेले तर बायका विचारतात.

तुझी,
अक्का