वजरीने भरलेलं पिंप

१४ मेहेर
कूलर गच्चीवरून उतरवला, आणि आमच्या यांनी, नेमत आगांनी, त्यातला पंपच काढून घेतला!
म्हटलं, "पुढच्या उन्हाळ्यात काय मी चादरीने वारा घालत बसू?"
"उन्हाळ्याचं उन्हाळ्यात. आत्ता हौज मरतोय."
मरतोय हे खरंच. आमच्या गल्लीची नहर आटली तेव्हापासून हौजात तेच ते पाणी. नळाचं सोडायला बंदी. पालकाच्या रश्श्यासारखं हिरवं झालंय, आणि आमच्या लेकीचा, तारलानचा, मासा त्यात कुठे आहे, देव जाणे.
नौरोजच्या ताटातला मासा तो. लेकीने हौजात सोडला तेव्हा बोटाच्या पेराएवढा होता, आता वीतभर आहे. ती तब्रीजला असते. दर शुक्रवारी फोन करते आणि विचारते, "मामान, मासा आहे ना?" बापाचं नाव काढत नाही. बापही तिचं काढत नाही. यांच्याच पुतण्याशी लावून दिलेलं लग्न मोडून ती परत आली, तेव्हा हे म्हणाले होते, "या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस." तिने ठेवला नाही. सहा वर्षं झाली. दोघंही एकाच मातीचे!

१९ मेहेर
एक निळं पिंप आणलंय. आणि हमामात टाचा घासायची वजरी — एक दगड नाही, दोन गोण्या!
"अख्ख्या यज्दच्या टाचा घासणार आहात का?"
"त्याच्या भोकाभोकांत राहायला येतील."
"कोण?"
"डोळ्यांना न दिसणारे. माशाची घाण त्यांचं अन्न. गिरणीत सांडपाण्याच्या टाकीत होते की! पंपाने हौजातलं पाणी पिंपात टाकायचं, दगडांतून फिरून ते परत हौजात. बस्स."
जन्मभर गिरणीत पंप सांभाळले, आता पाणी डोक्यात शिरलंय.

२३ मेहेर
पंप सुरू केला. पिंपात थुंकल्यासारखं पाणी. मापायला मला बसवलं — मी पैगंबरांवरची सलवात मोजत म्हणायची, यांनी धारेखाली आफताबा धरायचा. (संडासातला तांब्या! म्हणे, त्याचं माप त्यांना पाठ आहे.) सलवात म्हणून माझा घसा सुकला, आफताबा काही भरेना.
"एवढ्याशा धारेत त्यांचा श्वास कोंडेल," म्हणाले. मला हसू आलं. पुण्य मात्र फुकटात पदरात पडलं.

२४ मेहेर
आज गच्चीवर पाणी चढवायची मोठी मोटर लावली. अरे बापरे! पिंप उतू गेलं, दगड आत नाचायला लागले, अंगणभर पाणी, आणि बिचारा मासा हौजाच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटला.
हे धावले, बटण बंद केलं. मग हौजाच्या काठाशी बसून माशाची माफी मागितली. ओल्या गालिच्याबद्दल माझी नाही!

२ आबान
शेजारच्या बद्री खानमच्या कूलरचाही पंप मागून आणला. आता दोन छोटे पंप जोडीने चालतात. दोन सलवातींत आफताबा भरतो. सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत हौजातलं सगळं पाणी एकदा दगडांतून फिरून येतं. दगड जागचा हलत नाही, पाणी जागी थांबत नाही.
"हेच हवं होतं," म्हणाले. धारेखाली हात धरून कितीतरी वेळ उभे होते. तापातल्या पोराची नाडी बघावी तसे.

१० आबान
काही फरक नाही. हिरवं ते हिरवंच.

११ बहमन
तीन महिन्यांनी तळ दिसला!!
चहा घेऊन गेले आणि ट्रे हातातच राहिला. तळाच्या निळ्या फरश्या — त्या निळ्या आहेत हेच मी विसरले होते. आणि वर तो, आपल्या सावलीसकट पोहणारा. केवढा देखणा झालाय!
यांनी पिंपातून एक दगड काढून माझ्या तळहातावर ठेवला. तपकिरी, बुळबुळीत. एरवी मी हात झटकून सात वेळा धुतला असता. "हं, धर. शहर आहे हातात," म्हणाले. ओल्या तळघराचा वास येत होता. मी दगड कानाला लावला! वेडीच मी. ऐकू काय येणार! पण अंगावर काटा आला तो आला. एवढे जीव माझ्या हातात, आणि मला पत्ता नाही. सुब्हानल्लाह.

१६ बहमन, शुक्रवार
"मामान, मासा आहे ना?"
मी उत्तर द्यायच्या आत हे पाठीमागून, वर्तमानपत्रातून डोकं न काढता — "सांग तिला, तळ दिसतो."
सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

२२ इस्फंद
नौरोज तोंडावर. घर झटकायला काढलंय. गालिचे धुतले, पडदे धुतले, झुंबराचा एकेक लोलक पुसला. हे गिरणीतल्या मित्रांकडे गेले होते, तेवढ्यात पिंपही उरकलं! केवढी ती घाण! पातेलंभर उकळतं पाणी, वर ब्लीच. वजरी कशी नवी कोरी निघाली. दगड होते तसे रचून पंप लावून दिले. आले की खूश होतील.

२३ इस्फंद
त्यांनी दगड उचलला. हुंगला. खाली बसले.
"सगळे मारलेस, कोकब."
ओरडले असते तर बरं झालं असतं.

२४ इस्फंद
माझी आई जमिनीवर कढत पाणी ओतायच्या आधी मोठ्याने बिस्मिल्लाह म्हणायची. 'आपल्याहून बऱ्यांना', म्हणजे जिनांना, बाजूला व्हायला वेळ मिळावा, त्यांची लेकरं भाजू नयेत म्हणून. आम्ही पोरी तोंड दाबून हसायचो.
मी मात्र बिस्मिल्लाह न म्हणता अख्ख्या शहरावर ओतलं.
मासा पाण्यावर तोंड काढून हवा गिळतोय.

२५ इस्फंद
"नवे वसायला महिना तरी जाईल. मासा तेवढा थांबणार नाही. कुठून तरी वसलेले दगड आणायला हवेत, जुन्या, कधीही न धुतलेल्या हौजातले," हे म्हणाले, आणि माझ्याकडे बघायला लागले.
न धुतलेला हौज या गल्लीत एकच. बद्री खानमचा. मी ज्याला वीस वर्षं 'बदकांचा संडास' म्हणत आले, तिच्या तोंडावरसुद्धा!
गेले. बादली घेऊन. दारात उभी राहून म्हटलं, "बद्री खानम, थोडी घाण द्याल का?"
ती आधी बघतच राहिली. मग भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "कोकब खानम, माझ्या डोळ्यांवर! तुम्ही मागितली आणि मी नाही म्हणेन?" बाह्या सारून कोपरापर्यंत हात हौजात घातले. काळा, लिबलिबीत चिखल आणि दगड, बादली काठोकाठ. वर रीतीप्रमाणे — "तुमच्या योग्यतेचं नाही हो हे."
"तुमचे हात कधी दुखू नयेत," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मनापासून.
बादली पिंपात ओतताना मोठ्याने बिस्मिल्लाह म्हटलं. यांनी नजर दुसरीकडे वळवली.

२८ इस्फंद, शुक्रवार
"मामान, मासा आहे ना?"
"हो, हो! मजेत आहे!" मी म्हटलं.
हे समोरच होते. उठून पंपाकडे गेले.

१ फरवर्दीन
वर्ष पालटलं तेव्हा आम्ही ताटाशी नव्हतो, हौजाशी होतो. यांचा हात पाण्यात, हातावर मासा आडवा. रेडिओवर नगारा वाजला. त्याने कल्ला एकदा हलवला.

२ फरवर्दीन
गेला. डाळिंबाच्या झाडाखाली पुरला.
दोघांपैकी कोणीही फोनजवळ गेलं नाही.

८ फरवर्दीन
परवा शुक्रवारी फोन वाजून थांबला, उचलला नाही. आज मी पंप बंद करायला गेले तर हे अंगावर आले! "हात लावू नकोस! आत वस्ती आहे."
मासा नसलेल्या हौजात रोज चिमूटभर माशाचं खाणं टाकतात. ते कुजेल, आणि ते खाऊन आतले जगतील. पाणी गोल गोल फिरतंय. पुन्हा तळ दिसायला लागलाय. मी काठावर बसून राहते. कोणासाठी चाललंय हे सगळं, ते विचारायचा धीर होत नाही.

१३ फरवर्दीन
नौरोजच्या तेराव्या दिवशी घरात राहायचं नाही, म्हणून सगळं यज्द हिरवळीवर गेलंय. आम्ही घरीच. फोन वाजला.
"मामान, मासा —"
यांनी माझ्या हातातून फोन घेतला. सहा वर्षांनी!
"मासा गेला," म्हणाले. "पाणी तयार आहे. ये."
रिसीव्हरला कान लावायला मी इतकी जवळ गेले की यांच्या दाढीचे खुंट मला टोचले. पलीकडे ती रडत होती. मग नाक ओढून म्हणाली, "आगाजान, येताना किती मासे आणू?"
"दोन. आणि लहान आण. दगडांना झेपायला हवेत."