मिटलेलं तोंड
कोल्हार, रविवार, १९४६

तीन महिने गाणं बंद. बिघडलेल्या आवाजावर गाण्याच्या मास्तरांचा उपाय एकच: पहाटे तोंड मिटून खालच्या सुरात गुणगुणायचं. तोवर चर्चच्या उपासनेतली माझी भजनं धाकटी जाऊ शांता गाते. आज सगळे तिला म्हणाले, काय गोड गळा. माझ्यादेखत. मी तोंड मिटून उभी.

संध्याकाळी तीच आली. “जाऊबाई, घसा लई खवखवतोय. तुमी पहाटं काय करता, मला बी सांगा की.”

खरं सांगणार होते. सांगितलं काय? वरच्या सुरात, मोठ्यानं, रोज तासभर गा.

तिनं विश्वासानं मान हलवली. जाताना हळदीचं दूध ठेवून गेली, माझ्या घशासाठी.

तेव्हाच तोंड मिटून बसले असते तर? दूध तसंच आहे. घशाखाली उतरत नाही.