लाल तिकोन

मंगळवार, संध्याकाळ

राष्ट्रीय रसायन संस्थेच्या अंकासाठी कीटकनाशक उद्योगावर लेख लिहून राह्यलो. एकच वाक्य खुपतंय: ‘डब्यावरचा लाल त्रिकोण शेतकऱ्याला विष किती जहाल आहे ते सांगतो.’

आज बाभुळगावला मामांसोबत कृषी केंद्रात गेलतो. मामा दुकानदाराला म्हणाले, "लाल तिकोनवालं द्या."

मी दचकलो. "मामा, ते सगळ्यात जहाल विष आहे!"

"मालूम आहे ना! पोळ्याले तूच सांगतलं, लालवालं सगळ्यात जोरदार. तवापासून अख्खं गाव तेच मागते."

मामा उघड्या हातानं फवारतात. पोळ्याला सांगताना हातमोज्यांचं बोललो होतो का मी? आठवत नाही. काहून आठवत नाही?

वाक्य खोडायला बसलो, पण त्यात खोटं काहीच नाही. मामांना लाल तिकोन बरोबर कळलाय. माझ्याकडूनच.