आईचे चार दिवस

सोलापूर,
बुधवार, ३ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
निवेदिताचा वाकून नमस्कार, वि. वि.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते, मग बाकीचं. मी लिहिलं होतं की डॉक्टरांनी आईला संधिवात आहे असं सांगितलं. त्यांनी तसं सांगितलं नव्हतं. रक्ताच्या तपासणीत ठाम काही दिसत नाही, पण रोज सकाळी बोटं इतका वेळ आखडलेली राहतात म्हणून संशय आहे, एवढंच त्या म्हणाल्या. संशयाचा निकाल मी करून टाकला. ही लहान चूक. मोठी चूक मी तुझ्यापाशी नाही, डॉक्टरांपाशी केली आहे.

त्यांनी आईला पाळीबद्दल विचारलं होतं. आई छताच्या पंख्याकडे बघत बसली. परक्या बाईपुढे तिला लाज वाटते आहे असं समजून मीच उत्तर दिलं, की अगदी वेळेवर येते, मागच्याच आठवड्यात ती चार दिवस बाजूला होती. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, या वयात पाळी जायला आली की शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं, आणि पुष्कळ बायकांची बोटं, खांदे, गुडघे त्या सुमाराला दुखायला लागतात. पण नियमित असेल तर आपण आधी दुसरीकडे पाहू. तेव्हापासून त्या दुसरीकडेच पाहतायत.

गौरींना मामा राहायला आला, म्हणून जास्तीच्या चादरी काढायला मी पेटी उघडली. तळाशी पॅडची पुडकी होती, न फोडलेली. दर महिन्याला दुकानातून मी दोन पुडकी आणते, एक तिचं, एक माझं. तिची सगळी तिथेच होती. गौरी गेल्यावर, म्हणजे काल, मी तिला विचारलं. ती शांतपणे समईला चिंच लावत होती. म्हणाली, दीड वर्ष झालं थांबून.

आत्या, म्हणजे दीड वर्ष आई महिन्याच्या महिन्याला काही कारण नसताना बाजूला बसते. आपल्या पुजाऱ्यांच्या घरात ते चार दिवस कसे असतात हे तुला सांगायला नको. ती सोवळ्यात जात नाही, देवीचा नैवेद्य बाबा स्वतः रांधतात, देवळाची भांडी मी घासते, तिचं ताट बाबा दाराशी ठेवून मागे सरतात. मी म्हटलं, हात दुखतात म्हणून सरळ सांगून बसायचं ना. त्यावर ती जे म्हणाली ते तसंच लिहिते, माझे शब्द घालत नाही. "दुखतंय म्हणून बसलं तर जो तो विचारायला येतो, आणि जाताना एक काम सांगून जातो. शिवू नका म्हटलं की कुणी येत नाही."

तिला आता सोवळ्याचं लुगडं पिळवत नाही. वाती वळायला घेतल्या की अंगठा जागेवर राहत नाही. पहाटे नळ सुरू करताना ती तो मनगटाने ढकलते, हे मी कितीदा तरी पाहिलं आणि मला वाटायचं, हात ओले असतील. दुखण्याच्या गोळीने पोटात आग पडते. पुढची भेट १८ तारखेला आहे. तोपर्यंत फरक पडला नाही तर संधिवाताचं मोठं औषध सुरू करू, असं डॉक्टर म्हणाल्यात. त्या औषधात लिव्हरवर सारखं लक्ष ठेवावं लागतं, म्हणून रक्त पुन्हा तपासायला दिलंय. हे सगळं माझ्या एका वाक्यावर उभं आहे.

समोरच्या महादेवीमावशी परवा कट्ट्यावर म्हणत होत्या, "आमचं थांबलं तवापास्नं गुडघं धरल्यात की. डॉक्टर म्हनतो वजन कमी करा. वजन काय काल आलंय व्हय?" सगळ्या हसल्या, आईसुद्धा. मी मात्र तिच्या हाताकडे बघत होते.

आईने मला कुणाला सांगू नकोस म्हटलंय. तुला लिहिते आहे हे तिला सांगूनच लिहिते आहे. फोन केला असता, पण तुला ऐकू येईल इतक्या मोठ्याने हे बोलायचं म्हणजे सभामंडपात जाहीर करण्यासारखं आहे. मी काय करू ते कळव. रागावणार असशील तर माझ्यावर रागाव, तिच्यावर नको. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
निवेदिता


मंगळवेढा,
शनिवार, ६ सप्टेंबर

चि. निवेदितास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुला पाटीवर अक्षरं मी गिरवून घेतली तेव्हापासून तुझी ही खोड आहे. एक रेघ वाकडी गेली की सगळी पाटी पुसायची आणि वर रडायचं. डॉक्टरांनी विचारलं, तुला जे दिसत होतं ते तू सांगितलंस. त्याला खोटं बोलणं म्हणत नाहीत.

आता तुझ्या आईबद्दल. पत्र वाचून मला आधी राग आला, हे लपवत नाही. देवीच्या घरात असं ढोंग करायचं म्हणजे काय. मग दुपारी दडपे पोहे करायला वरच्या फळीवरचा डबा काढायला गेले आणि हात नेहमीसारखा खांद्यापाशी अडला. माझं जायला आलं तेव्हा हा खांदा असाच धरला होता. वेणी घालता येईना, शाळेत फळ्यावर वरच्या ओळीत तारीख लिहिता येईना. मुलांना वाटायचं, बाई बुटक्या होत चालल्यात. मी आमच्या विहिरीच्या गार पाण्याला दोष दिला आणि तेल चोळत राहिले. सासूबाईंना सांगितलं तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, सुटलीस, आता बारा महिने सोवळ्यात चालशील. कुणी त्या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या नाहीत. मीही नाही, आणि मी म्हणे शिकलेली.

पण तू सल्ला विचारलास म्हणून सांगते. आत्ता काही बोलू नकोस. घटस्थापना २२ तारखेला आहे. यंदा नऊही दिवस देवीला पुरणाचा नैवेद्य करायचा, हे तुझ्या बाबाने, यज्ञेश्वरने, ठरवलंय, आणि खरं सांगायचं तर ते त्याच्या डोक्यात मीच आषाढात घातलं. बोलणं निघालं तर ऐन नवरात्रात घरात धुसफूस होईल. डॉक्टरांची भेट दसऱ्यानंतरची घे. दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही. तोवर आईला शेकायला गरम पाण्याची पिशवी दे, आणि भांडी तू घास.

ज्वारी पाठवली आहे, मिळाली का ते लिही. यंदा दाणा बारीक आहे, पण भाकरी गोड होते. मायेने आठवण ठेव.

तुझी,
गोदावरीआत्या


सोलापूर,
मंगळवार, ९ सप्टेंबर

ती. वन्सं यांना,
साष्टांग नमस्कार.

निवेदिताने तुमचं पत्र मला वाचायला दिलं. ती काही लपवत नाही, तो तिचा गुणही आहे आणि मला तापही आहे. हे पत्र एका बैठकीत लिहिलेलं नाही. पेन धरवत नाही, म्हणून चार ओळी लिहून थांबते.

तुम्हाला राग आला ते बरोबरच आहे. पण एक सांगते. मी देवीपुढे खोटं कधी बोलले नाही. घरात बोलले. पहिल्यांदा ठरवून नव्हतं. पाळी लांबली होती, येईल असं वाटून एक दिवस बाजूला बसले आणि आली नाही. पण त्या दिवशी पहाटे उठायचं नव्हतं, म्हणून झोप लागली. एरवी मध्यरात्री अंगाला दरदरून घाम येतो आणि मग पहाटेच्या काकडआरतीपर्यंत जागीच असते. पुढच्या महिन्याला पुन्हा बसले. मग सवय झाली.

यांचं काही चुकत नाही. त्या दिवसांत आमटी पाणचट होते, पण ताट वेळेवर येतं, आणि ताटाशेजारी न मागता लोणचं असतं. ते चार दिवस गेले की हे पुन्हा पूजेत असतात आणि मी चुलीपाशी. आम्ही वाईट नाही वागत एकमेकांशी. नुसतं बघायला वेळ नसतो.

डॉक्टरांना सांगितलं तर ते त्यांच्या कागदावर येईल, आणि घरात येणारा प्रत्येक कागद हे चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचतात. मग सगळे आनंदाने म्हणतील, आता तुला अडचण नाही. वन्सं, अडचण होती तेवढीच मला सोय होती.

आणखी एक लिहिते, म्हणजे सगळं लिहून होईल. नऊ दिवस पुरण वाटणं माझ्या हातांनी होणार नाही. मी तिसऱ्या माळेला बाजूला बसणार होते. तसं ठरवून ठेवलं होतं. माझ्या मुलीला तेवढं थांबवा. ती तुमचं ऐकते.

आपला आशीर्वाद असू द्यावा, ही विनंती.

आपली,
वहिनी


मंगळवेढा,
गुरुवार, ११ सप्टेंबर

सौ. वहिनीस,
गोदावरीचे आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. निवेदिताला मी थांबवणार नाही. दसऱ्यापर्यंत गप्प राहा असं मी तिला लिहिलं होतं, ते मागे घेते. दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही असं लिहिताना मी नवरात्राचा विचार करत होते, तुझ्या बोटांचा नाही.

पुरणाचं खूळ माझं होतं, तेव्हा ते मीच निस्तरते. यज्ञेश्वरला आज वेगळं कार्ड टाकलंय की नऊ दिवस साधा वरणभात आणि खीर, पुरण फक्त अष्टमीला, आणि तेही मी येऊन करीन. माझा भाऊ माझं ऐकतो, कारण लहानपणी मी त्याला मारलेलं आहे. रविवारी, २१ तारखेला, दुपारच्या एसटीने येते.

त्या चार दिवसांचं काय करायचं ते मला सुचत नाही. मला कुणी दिले नव्हते, म्हणून सुचत नसेल.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझी,
गोदावरी


सोलापूर,
रविवार, १४ सप्टेंबर

ती. आत्यास,
निवेदिताचा नमस्कार, वि. वि.

ज्वारी मिळाली. तुझं आईला आलेलं पत्र तिने मला दाखवलं, आणि मग उशाखाली ठेवलं. बाबांनाही कार्ड मिळालं. वाचून म्हणाले, "ताईला म्हातारपणी खीर कुठून आठवली," आणि लगेच शेवया किती लागतील ते विचारायला लागले. पुरणाचं एवढ्यावर मिटलं. बाकीचं तसं मिटणार नाही.

गेले काही दिवस मी एकाच गोष्टीवर अडले होते. आईचं सांगायचा हक्क मला आहे का? ती नको म्हणत असताना, तिच्या शरीराचं, तिने लपवलेलं? मला वाटतं, नाही. आणि तरी गप्प बसले तर माझ्या वाक्यावरून तिला लागू नसलेलं औषध सुरू होईल. शेवटी मी तिला एवढंच म्हटलं, की तुझं गुपित तुझ्याकडे राहू दे, पण मी डॉक्टरांना जे सांगितलं ते माझं आहे, आणि ते मला मागे घ्यायचंय. मी म्हणेन की मी माहिती नसताना बोलले, पाळीचं आईलाच विचारा. पुढे काय सांगायचं ते तू ठरव.

ती देवीच्या परडीतली फुलं निवडत होती, म्हणजे निवडायचा प्रयत्न करत होती. झेंडूचं देठ मोडायला तिला दोन्ही हात लागत होते. मी मदतीला हात पुढे केला तर तिने परडी बाजूला ओढली. मग म्हणाली, मलाच विचारलं तर मी खरं सांगेन, डॉक्टरीणबाई कष्टाळू दिसतात, त्यांना फसवून काय करायचंय.

मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच पुढचं बोलायला लागले. की कदाचित हे सगळं त्या पाळीमुळेच असेल, मग मोठं औषध लागणारही नाही. किंवा दोन्ही असेल, थायरॉईडही असू शकतं, तेही तपासतात. काहीही असलं तरी आता नीट शोधतील. मी असंच कुठेतरी वाचलेलं सगळं ओतत होते. आईने मला थांबवलं. ती काय म्हणाली ते पुन्हा तिच्याच शब्दांत लिहिते. "तू सांग. मीही सांगते. पण मग माझे चार दिवस मला कोण देणार, तेही त्याच दिवशी कुणीतरी सांगा."

आत्या, ते देणं बाबांच्या हातात आहे. आणि त्यांना कुणी कधी विचारलेलंच नाही. आईने विचारलं नाही, कारण तिला दुसरी वाट सापडली होती. मी विचारलं नाही, कारण माझे चार दिवस ऑफिसात जातात आणि घरात काय चाललंय ते मला कळत नाही. बाबा नाही म्हणतील की हो म्हणतील, मला खरंच सांगता येत नाही. ते रागावतील याची मला भीती नाही. आपल्याला दीड वर्ष कळलं नाही हे समजल्यावर त्यांचा चेहरा कसा होईल, त्याची भीती आहे. पण आईला विचारून झालंय. बाबांपुढे तिने बोलायचं नाही, मी बोलायचं, आणि ती तिथे समोर बसून असेल, आत जाणार नाही, असं आमचं ठरलंय.

मी त्यांना सांगणार आहे की आईची पाळी गेलेली आहे. आणि तरीही तिला दर महिन्याला चार दिवस हवेत, जेव्हा ती म्हणेल तेव्हा. ती अंथरुणावर असेल किंवा कट्ट्यावर महादेवीमावशींशी बोलत असेल, पण नैवेद्य बाबा करतील, भांडी मी घासेन, आणि तिला कुणी कारण विचारणार नाही. ताट मात्र दाराशी ठेवून मागे सरायचं नाही. शेजारी बसायचं.

वाक्यं मी पाठ केली आहेत. आरशापुढे म्हटली तर बरी येतात. बाबांपुढे विसरले तर काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

ऑफिसात रजा टाकली आहे. सकाळी डॉक्टरांकडे जाऊ, संध्याकाळी आरती झाली आणि लोक पांगले की बाबांशी बोलेन. तुझा लोभ नेहमीच असतो, पण या गुरुवारी, १८ सप्टेंबरला, तो थोडा जास्त असू दे.

तुझी,
निवेदिता