शनिवारी चार ते पाच

मिशन, गंगाखेड तालुका
२८ जून २०२५

प्रिय बबिता अक्कास,

आदिनाथचा नमस्कार. जय ख्रिस्त.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. दाजींचा गुडघा आता बरा आहे हे वाचून बरं वाटलं. दिपालीला अकरावीला कुठं प्रवेश मिळाला ते कळव. इकडे पेरण्या उरकत आल्या. मिशनच्या मागच्या दीड एकरात मी यंदा सोयाबीन न टाकता तूर टाकली आहे.

बाबांच्या चाळिसाव्या दिवसाच्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर तुम्ही सगळे बोरीला परत गेलात आणि घर एकदम मोठं झालं. त्यांच्या डोळ्यात टाकायच्या थेंबांची बाटली अजून खिडकीतच आहे. स्वयंपाकाच्या बायनाबाईनं "टाकून देऊ का, फादर?" असं दोनदा विचारलं. मी राहू दे म्हटलं.

तू जे विचारलंस ते मी वाचलं. बाबा जाण्याच्या आदल्या दिवशी तुला म्हणाले, "गोपाळचं जे काय होतं ते म्या आद्यापाशी बोललोय. आता मी मोकळा." आणि तुझं म्हणणं, बाकी काही नको, आपला भाऊ जिवंत आहे की नाही एवढंच सांग.

गोपाळ गेला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. बाबा आणि गोपाळ मेंढरं घेऊन येलदरीकडे गेले आणि आठ दिवसांनी बाबा एकटेच परत आले, एवढंच मला आठवतं. मेंढरं सगळी होती. भांडण झालं, पोरगा पुण्याला गेला, असं ते आईला म्हणाले. तू पंधराची होतीस, तुला जास्त आठवत असेल. चोवीस वर्षांत त्याचं एक कार्डही आलं नाही.

अक्का, पापनिवेदनात ऐकलेलं धर्मगुरूला कुणालाच सांगता येत नाही. खूण करूनही नाही. माणूस वारला तरी नाही. हे तुला मी सांगायला नको. तेव्हा मला पुन्हा विचारू नकोस.

तब्येतीला जप. दाजींना नमस्कार.

तुझा भाऊ,
फादर आदिनाथ


मिशन, गंगाखेड तालुका
७ सप्टेंबर २०२५

प्रिय बबिता अक्कास,

नमस्कार. तू माफी मागितलीस ते बरं केलं नाहीस. तुझी काहीच चूक नाही. उत्तराला उशीर झाला, कारण मध्यंतरी दहा दिवस मला ताप होता. आता उतरला आहे. बायनाबाई मला रोज लसणाची चटणी आणि भाकरी खायला लावते आणि म्हणते, "फादर, तुमी देवाचं खाऊन जगायलाव का? मग चूल कशाला पेटवू मी?"

पत्रासोबतची चिठ्ठी मिळाली. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी वेदीवर ठेवायच्या नावांची चिठ्ठी लोक ऑक्टोबरच्या शेवटी देतात. तू यंदा इतक्या लवकर का पाठवलीस ते शेवटची ओळ वाचून समजलं. पेनानं आई, बाबा आणि आजी. त्यांच्याखाली पेन्सिलीनं गोपाळ.

तू लिहिलंस, "तू काही बोलू नको. नाव वाचलंस तर मी समजेन, खोडलंस तरी समजेन. आई मरेपर्यंत म्हणायची, जित्या लेकराला कशाला मारता गं, अन् त्याचं नाव लिहू द्यायची नाही. आता मला सांगणारं कोणी राहिलं नाही. मी रडायचं का वाट बघायची, तेवढं तरी ठरू दे."

अक्का, वाचणं हेही सांगणंच झालं आणि खोडणं हेही. मला दोन्ही करता येणार नाही. चिठ्ठी मी प्रार्थनापुस्तकात ठेवली आहे.

आता दुसरं. हे दाजींनाही सांगू नकोस.

शनिवारी चार ते पाच मी पापनिवेदनाच्या लाकडी पेटीत लोकांची पापं ऐकायला बसतो, हे तू पाहिलं आहेस. आपल्याकडे चाळीस-बेचाळीस घरं, सणाच्या आधी सोडून फारसं कोणी येत नाही. तरी बसायचं असतं. आठ वर्षांत मला ते रिकामं बसणं कधी जड गेलं नाही. उलट आठवड्यात तो एकच तास मी माझा असतो, असं म्हटलं तरी चालेल.

जुलैपासून जाळीपलीकडे, पाप सांगणाऱ्याच्या बाजूला, कोणीतरी गुडघे टेकतं. फळी करकरते, मग श्वास ऐकू येतो. मी नेहमीसारखं "बोला, देव ऐकतो आहे" म्हणतो. कोणी बोलत नाही. मधल्या जाळीवर कापडाचा पडदा आहे, त्यामुळे दिसत काही नाही. पाच वाजता मी बाहेर येऊन बघतो तर देऊळ रिकामं. दारालाही कडी, कारण कुत्री आत येतात म्हणून चार वाजून गेल्यावर बायनाबाई ती बाहेरून लावून टाकते, येणारा ती काढून आत येतो.

आधी मला उंदीर वाटले. मग ताप. ताप उतरून दोन शनिवार झाले.

परवा बायनाबाई झाडता झाडता मला म्हणाली, "फादर, ह्या फळीवरल्या पोत्यात गुडघ्याचे खळगे कोन पाडायलंय? म्या दर सोमवारी झटकून सपाट करते, अन् रविवारी पुन्ना हाईत." मी म्हटलं, पोतं जुनं झालं. ती म्हणाली, "जुनं पोतं फाटतं फादर, खळगे न्हाई पडत." आणि केर भरून निघून गेली.

हे तू फार मनावर घेऊ नकोस. एकटा राहणाऱ्या माणसाला काहीबाही भासतं.

तुझा,
फादर आदिनाथ


मिशन, गंगाखेड तालुका
२६ ऑक्टोबर २०२५

प्रिय अक्का,

नमस्कार. पुरात तुमच्या शेताचं किती गेलं ते तू लिहिलं नाहीस. दाजी बोलत नसतील तर विचारू नकोस, बोलतील तेव्हा ऐक. आमची तूर पिवळी पडली.

हे पत्र एकटी असताना वाच. फोनवर मला हे बोलता आलं नसतं. तुमच्या घरी फोन कुणाच्याही हातात असतो. खरं म्हणजे समोरासमोरही आलं नसतं.

मी तुझ्याशी खोटं वागलो. बाबांनी मला काय सांगितलं ते मी लपवतो आहे, असं मी तुला भासवलं. अक्का, मी काहीच लपवत नाही. मला काहीच माहीत नाही. बाबा बोलले तेव्हा मी पेटीत नव्हतो.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबा माझ्याकडे राहिले होते, तेव्हाची ही गोष्ट आहे. ईस्टरच्या आधी मी दरवर्षी बाहेरचे एक फादर बोलावतो. लोकांना रोजच्या ओळखीच्या माणसापुढे पापं सांगायला संकोच वाटतो म्हणून. यंदा जालन्याचे फादर पवित्र आठवड्यातल्या सोमवारी येणार होते. शुक्रवारी जेवताना मी बाबांना म्हटलं, तुम्ही त्यांच्याकडे करा.

"त्येला काय सांगू?" बाबा म्हणाले. "त्येला ना माझं गाव ठावं ना माझी मेंढरं."

"देवाला ठाऊक असतं, बाबा."

"देवाला ठावं हाय म्हनूनच तर चोवीस वर्सं भ्यालोय. तुला ठावं न्हाई, म्हनून तुला सांगायचंय."

बायनाबाई भाकरी वाढत होती. ती म्हणाली, "फादर, तुमच्या बापाला ऐकू येत न्हाई, अन् सांगायची हौस बघा. सकाळधरनं कोंबड्यास्नी दम द्यायलेत." बाबा हसले नाहीत. त्यांनी ऐकलंच नसावं.

दुसऱ्या दिवशी, बारा एप्रिलला, पाचाला दहा कमी असताना ते आले. काठी ठेवल्याचा आवाज झाला. गुडघे टेकताना ते "आई गं" म्हणाले, तेव्हा मी ओळखलं. मग ते नेमाचं वाक्य म्हणू लागले, मला आशीर्वाद द्या फादर, मी पाप केलं आहे. "द्या" एवढाच शब्द मी ऐकला आणि उठलो. माझ्या खुर्चीमागचं लहान दार पूजेचे कपडे ठेवायच्या खोलीत उघडतं. मी त्या दारानं गेलो आणि दार लोटून घेतलं. बाबांच्या डोळ्यावर काळा चष्मा, मध्ये पडदा, कानाला ऐकू येत नाही. त्यांना काहीच कळलं नाही. खोलीत उभं राहून मी घड्याळाकडे बघत होतो. शब्द कळू नयेत म्हणून मी नळ सोडून ठेवला.

ते वीस मिनिटं रिकाम्या खुर्चीशी बोलले.

मी स्वतःला असं समजावलं की हे ऐकलं तर मला आयुष्यभर तुझ्यासमोर बसून जेवावं लागेल आणि बोलता येणार नाही. सोमवारी जालन्याच्या फादरांना ते सांगतील, ओझं त्यांच्याकडे राहील. हे कारण खरं आहे, पण पुढं करायचं आहे. मागचं कारण, मी भ्यालो. येलदरीला काय झालं ते मला बापाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

बाहेर आले तेव्हा बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "लय हळू बोलतूस तू. माफीचं काय म्हनलास ते मला ऐकू आलं न्हाई. पन म्हनलास नव्हं?"

मी मान हलवली.

त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या. सोमवारी जालन्याचे फादर आले, तेव्हा "माझं झालंय" म्हणून ते ओट्यावर बसून राहिले. मला तेव्हाही सांगता आलं असतं. मग ते तुझ्याकडे बोरीला आले आणि नऊ मेला वारले. मी पोचलो तोवर तू त्यांचे डोळे मिटले होतेस. तू किती समाधानानं मला सांगितलंस, बाबा मोकळे होऊन गेले.

तेव्हापासून मी रोज मिस्सा म्हणतो. लोकांना क्षमा देतो. हात माझेच असतात, पण कुणा दुसऱ्याचे उसने आणल्यासारखे वाटतात.

आता शनिवारचं. ते थांबलं नाही. सप्टेंबरच्या शेवटी नुसत्या श्वासाऐवजी बोलणं ऐकू यायला लागलं, शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू येतो तसं. आवाज कळायचा, शब्द कळायचे नाहीत. आवाज कुणाचा ते मी तुला लिहीत नाही. दर शनिवारी ते बोलणं पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं, मला आशीर्वाद द्या फादर. पाच वाजता अर्ध्यातच थांबायचं. पुढच्या शनिवारी थोडं अधिक स्पष्ट. मला हळूहळू समजलं की शेवटचे, क्षमेचे शब्द त्याला कोणी म्हटलेच नाहीत, त्यामुळे त्याला दर वेळी पहिल्यापासून यावं लागतं.

मग मी कान जाळीला लावून बसू लागलो. मला ऐकायचं होतं, अक्का, तुझ्यासाठी. मेलेल्या माणसाला हा संस्कार नसतो, म्हणून त्याची गुप्तताही नसते, असं मी मनाशी ठरवलं. ते चूक असेल तर माझ्या हिशोबी राहू दे. अकरा तारखेला मला "मेंढरं" कळलं, "नदी" कळलं. अठराला आणखी चार-पाच शब्द. ह्या शनिवारी नाही तर पुढच्या शनिवारी सगळं कळणार, असा माझा अंदाज होता. मृतांच्या दिवसाआधी तुला उत्तर मिळालं असतं.

काल मी साडेतीनलाच जाऊन बसलो. चारला फळी करकरली. आवाज अगदी पडद्याला लागून होता. मला वाक्यं कळत होती. ती मी लिहीत नाही, त्यात उत्तर नाही. मग आवाज "गोपाळ" म्हणाला आणि अडला.

अडला म्हणजे काय ते कसं सांगू? चढावर माणसाचा दम तुटतो तसा. पुन्हा "गोपाळ" म्हणाला आणि पुन्हा अडला. तिसऱ्यांदा. गुडघे बदलल्याचं मला ऐकू आलं. सत्तर वर्षांचा माणूस फळीवर गुडघे टेकून दर आठवड्याला त्याच नावापाशी येतो आहे, आणि मी पलीकडे कान लावून, पुढं बोल, पुढं बोल, म्हणून बसलो आहे.

मी हात उचलला आणि म्हटलं, मी तुम्हाला तुमच्या पापांची क्षमा करतो, पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. मोठ्यानं म्हटलं, ऐकू येईल असं. बाहेर ओसरीत बायनाबाई दचकून उभी राहिली, असं तिनं नंतर सांगितलं.

पलीकडचा आवाज वाक्यात असतानाच थांबला. मग कोणीतरी उठलं. सावकाश, फळीला हात टेकून. पावलं दारापर्यंत गेली. कडी वाजली नाही.

मी सहापर्यंत बसून राहिलो. आज सकाळच्या मिस्सेआधी पुन्हा जाऊन बसलो. काही नाही. आता कोणी येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तेव्हा अक्का, तुझ्या प्रश्नाचं उत्तर देणारं आता कुठंच कोणी उरलं नाही, आणि जो एक होता त्याला मी पाठवून दिलं. आणखी एक आठवडा थांबलो असतो तर तुला कळलं असतं. मी दयेनं थांबवलं, की एप्रिलसारखाच पुन्हा भिऊन, हे मी रात्रभर स्वतःला विचारलं. मला सांगता येत नाही.

चिठ्ठी सोबत परत पाठवतो आहे. पेन्सिलीच्या नावाला मी हात लावलेला नाही. ते ठरवायचं ओझं तुझ्यावर येतं आहे, आणि ते तुझं नव्हतं. तू येऊ नको म्हणालीस तर मी नाताळाला येणार नाही. ये म्हणालीस तर येईन, ओट्यावर बसेन, आणि तू जे बोलशील ते पूर्ण ऐकेपर्यंत उठणार नाही.

दिपालीला आशीर्वाद.

तुझा भाऊ,
आदिनाथ