दहापैकी किती दम लागला

सौ. शालन हिला पुण्याच्या दवाखान्यातून गोरखचा आशीर्वाद.

हितं माझं ठीक चाललंय, तू जिवाला घोर लावून घेऊ नको. भाकरी मिळते, पण तुझ्या हातची न्हाई.

आमा म्हाताऱ्या फौजींची ताकद वाढावी म्हणून मशिनीवर चालवतात. दोन मिनिटं झपाझप, शिट्टी झाली की एक मिनिट हळू, मग पुन्हा झपाझप. दर फेरीला व्यायाम घेणाऱ्या मॅडम विचारतात, "आबा, दहापैकी किती दम लागला?" मी छाती काढून सांगायचो, "ठीक है, साब!" चोवीस वर्षं फौजेत दुसरं उत्तर दिलंच न्हाई. त्यावरून त्या वेग वाढवत गेल्या, आन सोमवारी मी खाली बसलो. लागलं न्हाई. पण उठताच येईना, दोघांनी उचललं. तिकोणा गड एका दमात चढायचो मी, शालन.

गाय व्याली का? तुझा गुडघा कसा हाय?

खरं सांगायला तोंड उघडत न्हाई, म्हणून लिहितोय. तू रोज फोनवर विचारतेस, आन मी "ठीक हाय" म्हणतो. तेबी मॅडमला सांगितलं तसंच हाय. वर सुरुवातीला "ठीक चाललंय" लिहिलंय तेबी.

तुझा,
गोरख