दोन्ही भाषांतलं माझं भाषण

५ सप्टेंबर १९८६, रॉचेस्टर
ठरलं. लॉर्नाच्या लग्नात बापाचं भाषण मी एकाच दमात करणार. तोंडाने बोलायचं, हातांनी खुणा करायच्या. दोन्हीकडची मंडळी खूश. दुभाषी नको. पोर जन्मापासून बहिरी, माझ्याइतका सराव कुणाला आहे?

लॉर्ना म्हणते, बाबा, हात नाहीतर तोंड, एक काहीतरी धरा. हे तिचं डोकं नव्हे. त्या दुभाषी ग्लेन्डाने तिचे कान भरले असणार. कान म्हणजे डोळे.

१३ सप्टेंबर
व्याह्यांकडे जेवण. घर सगळं बहिऱ्यांचं. बोलत बोलत, हात हलवत मासेमारीचा किस्सा सांगितला. सगळ्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. व्याही ऑटोने दिवा लुकलुकवून सगळ्यांचं लक्ष वेधलं आणि खुणेने म्हणाला, आमच्या घरात तोंड मिटून बोलायचं. पोट धरून हसले. माझ्या आवाजावर जळतो मेला.

निघताना पुन्हा स्वयंपाकघरातल्या उजेडात तासभर गप्पा. माझ्याबद्दलच. वेग मुद्दाम वाढवला होता.

२१ सप्टेंबर
आरशासमोर सराव. उत्तम. एडिथ म्हणाली, एकदा आवाज न काढता करून बघ. बायकोही फितूर.

शेवटचं वाक्य पाठ आहे: लॉर्ना, तू बहिरी आहेस याची मला कधीच खंत वाटली नाही. इतकी वर्षं सांगायचं राहिलंय.

४ ऑक्टोबर, रात्री
लग्न लागलं. भाषण फक्कड. हॉलवाल्याने माइक हातात दिला, पण दुसरा हात होताच. शेवटच्या वाक्याला आमच्याकडच्या बायका रडल्या. बहिऱ्यांची बाजू थिजलेली. ग्लेन्डा उठायला लागली, मी डोळे वटारून बसवली. मग त्यांनी हवेत हात हलवून टाळ्या दिल्या. ऑटोने सगळ्यात शेवटी. मुद्दाम.

लॉर्ना मात्र गळ्यात पडली. खुणेने म्हणाली, मला माहीतच होतं, बाबा. पोरीला बापाची खात्री होती.

२ नोव्हेंबर, रविवार
लग्नाची कॅसेट आली. एडिथने आवाज बंद केला. म्हटलं, भागव तुझी हौस.

हात निम्मे शब्द गिळतो. शेवटी: तू. बहिरी. मला. खंत. मग टाय सारखा करतो.

कॅसेटवाल्याचाच संशय आला. मागे नेऊन पाहिलं. 'नाही' तोंड म्हणतंय, तेही माइकच्या आड. हात म्हणतच नाही.

आणि लॉर्ना म्हणाली होती, मला माहीतच होतं.

आज ती घरी असेल. एडिथला म्हटलं, गाडी तू चालव, मला हात मोकळे हवेत.